हळव्या झालेल्या श्वासनलिका

फोडणीचा खाट, उदबत्तीचा धूर किंवा केर काढताना उडालेली धूळ यांनी निरोगी माणसाला क्षणभर ठसका लागतो. काहींच्या श्वासनलिका मात्र तेवढ्यानेच आक्रसतात आणि श्वास घेणे जड होते. क्षुल्लक कारणाने उमटणाऱ्या या तीव्र प्रतिसादाला श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता म्हणतात. मेथाकोलीन हे द्रव्य वाढत्या मात्रेत श्वासावाटे देऊन, जोराने सोडलेल्या उच्छ्वासातील पहिल्या सेकंदाची हवा कोणत्या मात्रेला २० टक्क्यांनी घटते, यावरून ती मोजली जाते.

प्रदूषित हवा ही सहनशक्तीच कमी करते. श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण त्यांना इजा करतात, तेव्हा हे जोड सैल पडतात, ॲलर्जी उत्पन्न करणारे घटक आत शिरू लागतात आणि दाह, म्हणजे सूज व संरक्षक पेशींची गर्दी, सुरू होतो. अस्तरातील संवेदी चेतातंतूंवर मिरचीचा तिखटपणा ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. दाहातून स्रवणारी रसायने त्यांना अधिक तल्लख करतात, त्यामुळे एरवी जाणवलाही नसता असा खाट खोकल्याची उबळ आणतो.

बर्मिंगहॅममधील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले की, दम्याच्या रुग्णांनी नायट्रोजन डायऑक्साइड असलेल्या हवेत तासभर श्वास घेतल्यानंतर घरातील धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवांच्या ॲलर्जीकारकाला त्यांच्या श्वासनलिका अधिक जोराने आक्रसल्या. तेथे वायूचे प्रमाण रस्त्यावरील नेहमीच्या पातळीहून बरेच जास्त होते. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात दम्याचे ६० रुग्ण डिझेल बस व टॅक्सींची वर्दळ असलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालले, तेव्हा हाइड पार्कमधील फेरीच्या तुलनेत त्यांची फुप्फुसक्षमता अधिक घटली आणि दाहाच्या खुणाही वाढल्या.

म्हणूनच धूळ-धूर टाळा, एवढा सल्ला रुग्णाला देऊन भागत नाही. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा सुचवली, तर भारताचे २००९ चे मानक ४० आहे. ज्या हवेने श्वासनलिका हळव्या केल्या, ती हवा स्वच्छ करणे हाच उपचाराचा पहिला भाग मानला पाहिजे, आणि ते काम एकट्या रुग्णाच्या हातचे नसून रस्ते, इंधन व बांधकामे यांविषयी निर्णय घेणाऱ्या शासनाचे आहे.