ग्लास काचेचाच हवा

वऱ्हाडला एक तुर्की युवराज्ञी होती, हे अमरावती-अकोल्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. तिचं नाव दुर्रूशेहवार. ऑटोमन घराण्यातले शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांची ही मुलगी १९१४ साली इस्तंबूलमध्ये जन्मली. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि साऱ्या घराण्याला देश सोडावा लागला. तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात तिचं लग्न हैदराबादच्या निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झालं. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. १९०२ साली तर त्यांनी वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमचा पट्ट्याने घेतला. पण कागदावरची मालकी निजामाचीच राहिली. ती मान्य करणारा करार १९३६ साली झाला आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अशा रीतीने बॉस्फरसच्या काठी जन्मलेली मुलगी वऱ्हाडची युवराज्ञी झाली.

ती ज्या वर्षी देशाबाहेर पडली, त्याच १९२४ साली तुर्कस्तानात आणखी एक कायदा झाला, चहाच्या लागवडीचा. आज तुर्की माणूस आणि चहा ही जोडी इतकी घट्ट वाटते की ती शतकानुशतकांची असावी असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ही गोष्ट जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी तिथे मान होता तो कॉफीचा. कॉफी यायची येमेनहून, आणि पहिल्या महायुद्धानंतर येमेन ऑटोमन साम्राज्याच्या हातून गेलं. कॉफी आता परदेशातून, परकीय चलन मोजून आणावी लागणार होती. नव्या प्रजासत्ताकाचा खजिना रिकामा होता. काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाला, रिझे प्रांतात, तुर्कस्तानातला सर्वाधिक पाऊस पडतो. झिहनी देरिन या कृषितज्ज्ञाने तिथे चहाचा ध्यास घेतला. शेजारच्या जॉर्जियातल्या बाटुमीहून बियाणं आणलं. पहिले प्रयत्न थंडावले, पण १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागवडीने जोर धरला आणि १९४७ साली रिझेत चहाचा पहिला कारखाना उभा राहिला. आज तुर्कस्तानात माणशी वर्षाला तीन किलोहून अधिक चहापत्ती लागते. जगात सर्वाधिक चहा पिणारा देश म्हणून तुर्कस्तानचंच नाव घेतलं जातं. आपण चहावेडे म्हणवतो, पण आपलं प्रमाण माणशी किलोच्या आतच आहे.

तो चहा करण्याची रीत आपल्यापेक्षा अगदी निराळी आहे. एकावर एक अशा दोन किटल्या असतात. खालच्या मोठ्या किटलीत नुसतं पाणी उकळतं. वरच्या लहान किटलीत चहापत्ती असते आणि ती खालच्या वाफेने आधी गरम होते. पाण्याला उकळी आली की त्यातलं थोडं वरच्या पत्तीवर ओततात आणि आच मंद करून पंधरा-वीस मिनिटं मुरू देतात. आपल्यासारखा चहा खळखळा उकळत नाहीत. मुरलेला अर्क ग्लासात साधारण एक तृतीयांश ओततात आणि वरून खालच्या किटलीतलं गरम पाणी घालतात. कुणाला कडक हवा, कुणाला फिका. प्रत्येकाचा ग्लास त्याच्या आवडीने भरला जातो. दूध अजिबात नाही. साखर ग्लासात आधी पडत नाही, खड्यांच्या रूपात बशीवर येते. पूर्वेकडच्या एर्झुरूम भागात तर साखरेचा खडा दातांत किंवा जिभेखाली धरून त्यावरून चहा पितात.

आणि तो ग्लास! कमरेत बारीक, खाली गोलसर, काठाशी पुन्हा रुंद. त्याला कान नसतो. शंभर मिलिलिटरच्या आसपास चहा मावतो. हा आकार नुसता शोभेचा नाही. खालचा गोल भाग चहा गरम राखतो आणि वरचा रुंद काठ ओठाला लागणारा थर थोडा निववतो. काठाला बोटं धरून तो उचलतात. म्हणूनच तिथे ग्लास काठोकाठ भरत नाहीत. पारदर्शक काचेमुळे चहाचा रंग दिसतो, आणि सगळी पारख त्या रंगाची. उत्तम चहाचा रंग सशाच्या रक्तासारखा असावा, असं तुर्की लोक म्हणतात. तो रंग काचेशिवाय दुसऱ्या कशात दिसणार? चिनी मातीच्या कपात तुर्की चहा दिला, तर पिणाऱ्याच्या हातून अर्धा चहा काढून घेतल्यासारखं होईल. पिऊन झालं की चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा. त्याचा अर्थ ‘आता पुरे’. नाही ठेवला तर ग्लास पुन्हा भरला जातो. २०२२ साली युनेस्कोने तुर्कस्तान आणि अझरबैजान यांच्या या चहासंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

काच पातळ आहे, तर उकळतं पाणी ओतल्यावर ती तडकत कशी नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. खरं तर तडकण्याची भीती जाड काचेला अधिक. गरम चहा पडताच काचेचा आतला थर लगेच प्रसरण पावतो. काच उष्णता सावकाश वाहून नेते, म्हणून बाहेरचा थर थंडच राहतो, आणि या ओढाताणीत काच तडकते. पातळ काचेत दोन्ही थर जवळजवळ एकदमच तापतात. आपल्याकडे टपरीवरचा रेषा-रेषांचा ग्लास जाड असतो, कारण त्याला दिवसभर आपटणं, एकात एक रचणं, हातातून निसटणं सोसायचं असतं. त्या उभ्या रेषांमुळे पकड चांगली बसते आणि ओल्या हातातून ग्लास सटकत नाही. पण डिसेंबरातल्या पहाटे थंडगार ग्लासात पहिलीच उकळती धार पडली, तर तो तडकू शकतो. म्हणून जाणता चहावाला सकाळचे पहिले ग्लास गरम पाण्याने विसळून घेतो. ही त्याची पदार्थविज्ञानाची समज आहे आणि ती कुठल्याही पुस्तकातून आलेली नाही.

अमरावतीचा राजकमल चौक घ्या, बडनेरा स्टेशन घ्या, अकोल्याचा टिळक रोड किंवा बाजार समितीचं आवार घ्या. वऱ्हाडातला चहा दुधाचा, कडक आणि गोड. पातेल्यात आलं ठेचून पडतं, कुणी गवती चहा टाकतं, आणि तो उकळून उकळून दाट होतो. यामागे चहापत्तीचंही कारण आहे. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी पानं चिरडून, फाडून, त्यांची गोळी करणारं यंत्र काढलं. त्याला आपण सीटीसी म्हणतो. या दाणेदार पत्तीचा रंग झटपट आणि गडद उतरतो, थोड्या पत्तीत बरेच कप होतात आणि दुधातही चव हरवत नाही. स्वातंत्र्यानंतर ती सर्वदूर पोहोचली आणि गरिबाच्या घरीही दुधाचा चहा परवडू लागला. दूध आटलं की वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या घरी कोरा चहा होतो. ‘कोराच हाय बापा, घे’ असं म्हणत घरची बाई तो थोडं ओशाळून पुढे करते. तिने ओशाळू नये असं मला फार वाटतं. जगातला सर्वाधिक चहा पिणारा देश रोज हाच चहा पितो, आणि पाहुण्यापुढे अभिमानाने ठेवतो.

आपल्या ग्लासालाही इतिहास आहे. तुर्कस्तानात अतातुर्कांच्या धोरणातून १९३५ साली पाशाबाहचे इथे काचेचा सरकारी पाठबळाचा कारखाना सुरू झाला. देशाला लागणारी काच देशात व्हावी, हा त्यामागचा आग्रह. पण महाराष्ट्राने हे काम त्याच्या सत्तावीस वर्षं आधी केलं होतं, तेही सरकारशिवाय. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. दरडोई एक पैसा मागून जमवलेला हा निधी. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्र शिकवायला होते. तिथे शिकून गेलेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले काच कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. टिळकांचे अमरावतीतले सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे वऱ्हाडात स्वदेशीचं वारं जोरात होतं. आज आपल्या हातातला टपरीचा ग्लास बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचा असतो. पण देशी काच ही एकेकाळी लोकांनी पैसा-पैसा देऊन उभी केलेली गोष्ट होती, हे विसरता येत नाही.

या ग्लासाची दुसरी बाजू कडू आहे आणि ती सांगितल्याशिवाय वऱ्हाडच्या चहाची गोष्ट पुरी होत नाही. चहा कुणी दिला आणि कशातून दिला, यावरून या राज्यात माणसांची किंमत ठरत आली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळकांपर्यंत साऱ्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ती झाली उच्चवर्णीयांची गोष्ट. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी असे. ती बाहेर कोपऱ्यात ठेवलेली, ज्याची त्याने घ्यायची, प्यायचं आणि स्वतःच धुऊन परत ठेवायची. याच अमरावतीत नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. राज्यघटनेच्या कलम १५ ने हॉटेल आणि उपाहारगृहं सर्वांना खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात एक गोष्ट मुद्दाम लिहिली गेली : हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यापासून कुणालाही रोखणं हा गुन्हा. संसदेला भांड्यांवर कायदा करावा लागला, यावरून ती भांडी काय सोसत होती ते कळावं. कायदा झाल्या दिवशी सगळं थांबलं असं नाही. पण आज शहरातल्या टपरीवर एकाच ट्रेमधले, एकाच बादलीत धुतलेले ग्लास जात न विचारता हातोहात फिरतात. हे वऱ्हाडातल्या रोजच्या जगण्यातलं मोठं काम आहे आणि ते त्या साध्या काचेच्या ग्लासाने केलं आहे.

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तरी टपरीवरची गर्दी हटत नाही. बाहेरगावचा माणूस हे पाहून चक्रावतो. पण त्यात तथ्य आहे. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की, गरम पेयाने शरीरात जितकी उष्णता वाढते, त्याहून अधिक उष्णता त्यामुळे सुटणारा जादा घाम बाहेर टाकतो. अट एकच, घाम वाळला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो. वऱ्हाडच्या कोरड्या वाऱ्यात तो क्षणात उडतो. म्हणजे उन्हाळ्यातला चहा आपल्या हवेला मानवतो. अर्थात त्यासोबत पाणीही भरपूर हवं.

आता मूळ काळजीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत, विशेषतः करोनानंतर, टपऱ्यांवरून काचेचे ग्लास भराभर उठले आणि त्यांच्या जागी कागदी कप आले. उष्ट्याची भीती हे एक कारण, आणि धुणाऱ्या हातांची कमतरता हे दुसरं. भीती समजण्यासारखी आहे. मळक्या पाण्यात बुचकळून काढलेला ग्लास कुणालाच नको. पण कागदी कप नुसता कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना २०२० साली आढळलं की, अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. शिवाय त्या थरामुळे कप धड सडत नाही, आणि नेहमीच्या रद्दीत त्याचा पुनर्वापरही होत नाही. बाजार समितीच्या आवारात, कॉलेजच्या फाटकाशी, नाल्यांच्या तोंडाशी त्यांचे ढीग आपण रोज पाहतो. काच मात्र गरम चहात काही सोडत नाही, वास धरत नाही, आणि साबण व गरम पाण्याने पूर्ण स्वच्छ होते. एकच ग्लास हजारो वेळा भरता येतो.

तुर्की चहावाल्याला कुणी कागदी कपात चहा द्यायला सांगितलं, तर रंगच दिसणार नाही म्हणून तो कदाचित नाराज होईल. आपल्या चहाचा रंग दुधामुळे तसाही झाकलेला असतो. आपल्याकडे ग्लास टिकवण्याची कारणं निराळी आहेत, आणि ती अधिक वजनदार आहेत. चहावाल्यांनी दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक गरम पाण्याची. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी टपऱ्यांजवळ नळाची सोय करावी; ती झाली तर निम्मं काम होईल. आणि वाचकहो, उद्या सकाळी टपरीवर गेलात तर चहा सांगतानाच स्पष्ट सांगा : ‘भाऊ, काचेच्या ग्लासात द्या.’ चार गिऱ्हाइकांनी मागितलं की पाचव्यासाठी तो आपोआप पुढे येईल.