घरच्या जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर कसं ‘शिजतं’?

दहावी-बारावीनंतर ‘कंप्युटरचा कोर्स’ म्हणून आपली मुलं टायपिंग आणि एक्सेलवर थांबतात. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा, सगळीकडे हेच चित्र आम्ही पाहतो. पुढचं शिकायला पुण्यालाच जावं लागतं, असा घरच्यांचा समज असतो. पण एक हुनर असं आहे जे घरच्या जुन्या संगणकावर, फी न भरता शिकता येतं. ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं सॉफ्टवेअर आपोआप तयार करणारी व्यवस्था उभारणं. याला ‘ऑटोमेटेड बिल्ड’ म्हणतात.

आधी बिल्ड म्हणजे काय ते समजून घेऊ. लग्नात बावर्ची कागदावरची कृती पाहून बिर्याणीची देग चढवतो. कृती म्हणजे सोर्स कोड, तयार देग म्हणजे संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर आणि शिजवणं म्हणजे बिल्ड. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीत साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. एवढं सगळं हाताने शिजवणार कोण? स्वयंसेवक सोर्स पाठवतात आणि ‘बिल्डडी’ नावाची यंत्रं वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी ते आपोआप बिल्ड करतात. काय घडलं याची नोंद, म्हणजे लॉग, कुणालाही वाचता येतो.

यात खरी गोम आहे स्वच्छ खोलीची. आपल्या नंदुरबारच्या घरात लाल मिरची डब्यात असतेच, म्हणून कृतीत ती लिहायची राहून गेली तर? आपली देग चांगली होईल, पण तीच कृती घेऊन दुसऱ्या गावचा माणूस फसेल. म्हणून प्रत्येक बिल्ड रिकाम्या खोलीत करतात. यादीत लिहिलेलं सामान तेवढंच आत येतं. काही राहिलं असेल तर बिल्ड तिथेच थांबतो.

सुरुवात अशी करा :

१. संगणकावर डेबियन टाका. आधी घरचे फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा.
२. ‘एसबिल्ड’ हे साधन बसवा आणि ‘डीबूटस्ट्रॅप’ने स्वच्छ खोली तयार करा.
३. सोर्स उतरवण्याची सोय चालू करून ‘हॅलो’ हे छोटं पॅकेज आणा आणि बिल्ड करा.
४. लॉग शेवटून वर वाचत जा. पहिली चूक कुठे झाली ते शोधा.
५. जमलं की हेच काम ‘क्रॉन’ला सांगा. तो रोज ठरलेल्या वेळी नवा सोर्स आणून बिल्ड करेल.

छोट्या पॅकेजला जुना संगणक पुरतो. कर्नलसारखं मोठं काम मात्र तासन्‌तास चालतं आणि मध्येच लाइट गेली तर बहुधा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून आधी छोट्यावर हात बसवा.

‘एवढं शिकून फायदा काय?’ असं पालक विचारतील. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. तो जागा करणारा तुकडा सगळ्यांसमोरच्या कोडमध्ये नव्हता. प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात तो होता आणि बिल्ड होताना आत शिरत होता. एका इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्याने खोलात जाऊन पाहिलं आणि मोठा धोका टळला. देगेत काय पडतंय यावर नजर ठेवणारी माणसं जगाला हवीत, ती यासाठीच. दोन वेगळ्या ठिकाणी बिल्ड करून दोन्ही फाइली अगदी एकसारख्या येतात का, हेही तपासलं जातं.

नोकरीची हमी आम्ही देत नाही. पण लॉग वाचून चूक शोधण्याची सवय ज्या मुलाला किंवा मुलीला लागली, तिची मेहनत वाया जात नाही. कोपऱ्यात धूळ खात पडलेला संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मुलांच्या हाती देऊन पाहा.