सायकलस्वार, लाल दिवा आणि सर्वांचा रस्ता

बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात दोन भाग मानले जातात : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हा पठारी प्रदेश, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हा मुख्यतः पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट मुलूख. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून पाचांपैकी जवळजवळ चार व्यक्ती ग्रामीण भागात राहतात. शाळा, बाजार, दवाखाना व तहसील कचेरी गाठण्यासाठी त्यांना रस्त्यावर यावेच लागते. त्यांपैकी कित्येकांचे वाहन आजही सायकल हेच आहे.

सायकलस्वारांमध्ये शाळकरी मुलींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत इयत्ता आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. जिल्ह्यातील अनेक तालुक्यांचा त्यात समावेश आहे. गावात वरच्या वर्गाची शाळा नाही म्हणून सातवीनंतर घरी बसणारी मुलगी या सायकलीमुळे शाळेत जाऊ लागली. परंतु रस्त्याचे भय वाटू लागले की पालक प्रथम सायकल बंद करतात आणि मग शाळा. म्हणून सायकलस्वाराने लाल दिव्यापाशी थांबावे काय, हा वरवर शहरी वाटणारा प्रश्न या जिल्ह्यातही तितकाच जिव्हाळ्याचा आहे.

कायदा काय सांगतो

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११९ अन्वये वाहतूक चिन्हांचे पालन करण्याचे बंधन मोटार वाहनाच्या चालकावर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हा कलम १८४ खालील धोकादायक वाहनचालनाचा एक प्रकार ठरला. सायकल माणसाच्या बळावर चालते. ती मोटार वाहन नव्हे. तिला नोंदणी नाही, चालकास परवाना लागत नाही. यावरून सायकलस्वारास सिग्नल लागू नाही, असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात. तो बरोबर नाही.

१९५१ चा पोलीस अधिनियम, जो पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम व आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्यातील वाहनाच्या व्याख्येत सायकल येते. रस्त्याच्या डाव्या बाजूने न चालणे हा त्या अधिनियमाच्या कलम ९९ खाली अपराध आहे. कलम ३३ अन्वये सक्षम अधिकाऱ्यास सर्व प्रकारच्या रहदारीसाठी नियम करता येतात आणि कलम ६८ अन्वये पोलिसाचा वाजवी निर्देश पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ 'कोणतेही वाहन' असेच म्हणते. त्यातून सायकल वगळलेली नाही. रस्त्यावरील चिन्हे व संकेतांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात भारत १९८० मध्ये सहभागी झाला. त्या करारात सायकल चालविणारा हा 'चालक' या संज्ञेतच मोडतो.

सायकलवरील नियंत्रण ही काही नवी कल्पना नव्हे. अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत आणि रात्री दिव्याविना सायकल चालविणाऱ्यास किंवा 'डबल सीट' नेणाऱ्यास पोलीस हटकून अडवीत. तो काळ गेला. बिल्ला गेला याचे दुःख मानण्याचे कारण नाही. पण दिवाही गेला, हे मात्र चांगले झाले नाही.

थांबण्याचे खरे कारण

दंडाच्या भीतीने थांबणे हा दुय्यम भाग आहे. चौकातील दिवा प्रत्येक वाटसरूस इतरांच्या हालचालीची आगाऊ सूचना देतो. हिरवा दिवा मिळालेला मालमोटारचालक आडव्या रस्त्यावरून कोणी येणार नाही असे गृहीत धरून वेग ठेवतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. चालकाने धोका पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. त्यानंतर वाहन प्रत्यक्ष थांबेपर्यंत एकूण ४० ते ५० मीटर अंतर सहज सरते. लादलेल्या मालमोटारीस याहूनही अधिक लागते. तेवढ्या अंतराच्या आत समोर आलेली सायकल चालकाला दिसली तरी तो तिला वाचवू शकत नाही.

पिवळ्या दिव्याबाबत तर सायकलस्वाराने मोटारचालकापेक्षा अधिक सावध असावयास हवे. हा दिवा साधारणतः तीन सेकंद असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने चालणारी सायकल तेवढ्या वेळात जेमतेम साडेबारा मीटर पुढे जाते. दुभाजक असलेला चौपदरी रस्ता याहून बराच रुंद असतो. म्हणजे पिवळ्यावर निघालेली सायकल आडव्या वाहतुकीस हिरवा दिवा मिळताना नेमकी रस्त्याच्या मध्यावर सापडते.

याच्या विरुद्ध बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सर्व वाहने एकदम सुटली की सायकलस्वार अवजड वाहनांच्या गर्दीत सापडतो. त्यापेक्षा रस्ता मोकळा पाहून आधीच निघून जाणे बरे, असे सायकलस्वार म्हणतात. अमेरिकेच्या आयडाहो राज्याने १९८२ पासून सायकलस्वारास 'थांबा' फलकाजवळ केवळ वेग कमी करून, वाट पाहून पुढे जाण्याची मुभा दिली आहे. लाल दिव्यापाशी मात्र त्याला आधी थांबावेच लागते. पॅरिसमध्ये २०१२ पासून ठराविक चौकांत विशेष फलक लावून सायकलस्वारास लाल दिवा असतानाही बाजूस वळू देण्यात आले. परंतु तेथेही पादचाऱ्यास व आडव्या वाहतुकीस आधी वाट द्यावी लागते, आणि ही सवलत कोठे आहे व कोठे नाही हे फलक सांगतो. प्रत्येकाने आपल्या मनाने सवलत घ्यावी, असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे डावीकडे वळणारी वाहने अनेकदा थांबतच नाहीत. अशा चौकात ही मुभा सायकलस्वाराच्याच जिवावर बेतेल. त्याऐवजी मोटारींच्या थांबा-रेषेच्या पुढे सायकलींसाठी वेगळा पट्टा रंगविला, तर सायकलस्वार सर्वांना दिसेल आणि आधी सुटेल. या उपायाला खर्च फारसा नाही.

जेथे दिवाच नाही

जिल्ह्यातील बहुसंख्य चौकांत सिग्नल नाही. ग्रामीण माणसाचा चौक म्हणजे फाटा. मलकापूर, नांदुरा व खामगाववरून जाणाऱ्या पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आताच्या क्रमांक ५३ वर, गावाकडून येणारा अरुंद रस्ता जेथे मिळतो तेथे ना दिवा, ना पोलीस. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्यावर सायकलला प्रवेश नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. धोका आहे तो जुन्या रस्त्यांवर, जेथे मालमोटार, एस.टी., बैलगाडी, मोटारसायकल आणि सायकल एकाच डांबरावरून चालतात. गावाच्या रस्त्यावरून महामार्गावर येताना एक पाय जमिनीला टेकवून आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहणे हाच फाट्यावरचा लाल दिवा होय. ही सवय मुलांच्या अंगी सहज बाणते, परंतु ती वर्गात सांगून नव्हे, तर फाट्यावर नेऊन दाखवून.

खरा लाल दिवा जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी भेटतो. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही स्थानके मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत. फाटक बंद असताना सायकल आडवी करून दांड्याखालून काढणारे लोक कोणत्याही गावी पाहावयास मिळतात. सायकल हलकी आहे, हाच येथे मोह ठरतो. ब्रॉडगेज मार्गांवरील विनापहारा फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत बंद करण्यात आली. पहारा असलेल्या फाटकाचा उपयोग मात्र थांबणाऱ्यालाच.

कापसाच्या ट्रॉल्या आणि तिन्हीसांजेची वेळ

कापूस व सोयाबीनच्या हंगामात धोका वाढतो. कापसाने भरलेल्या ट्रॉलीचा माल दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मागचे वाहन चालकास दिसत नाही आणि मागून येणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. वळताना ट्रॉलीची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून वळणावर ट्रॉलीच्या अथवा मालमोटारीच्या डाव्या अंगाने सायकल घुसविणे अत्यंत घातक होय. चालकाच्या आरशात सायकलस्वार दिसत नसेल, तर चालकाच्या लेखी तो तेथे नाहीच.

डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा पाच वाजता सुटली आणि चार-पाच किलोमीटरचे अंतर असले, तर मुली तिन्हीसांजेच्या अंधारात घरी पोहोचतात. केंद्र शासनाने २०२० मध्ये सायकलवरील परावर्तकांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला, परंतु पूर्वी घेतलेल्या सायकलींवर ते असतीलच असे नाही. मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी चिकटविण्यास फारसा खर्च येत नाही. ट्रॉल्यांनाही ती तितकीच हवी. ओढणी चाकात न अडकेल अशी बांधणे, दप्तर हँडलला न लटकविता मागे बांधणे, वळण्याच्या बाजूचा हात दाखविणे आणि तिघी-चौघींनी ओळीने गप्पा मारीत न जाणे या गोष्टी तशा लहानच. राजूर घाटासारख्या उतारावर दोन्ही ब्रेक एकाच वेळी हळूहळू दाबावे लागतात. पावसात ते उशिरा लागतात, हेही मुलांना माहीत असावे.

एक घोटाळा शिक्षकांनी दूर करावयास हवा. पादपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. सायकलस्वाराने मात्र डाव्या कडेनेच जावे. दोन्हींना एकच नियम सांगितला की मुले सायकलही उलट बाजूने नेऊ लागतात. कमी वेगाच्या विजेवरील सायकलींना, म्हणजे २५० वॅटहून कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांना, नोंदणी लागत नाही. त्या चालविणाऱ्या मुलांनाही हेच सर्व लागू आहे.

मोठ्याची जबाबदारी मोठी

हे सारे सायकलस्वाराच्या माथी मारून चालणार नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलस्वाराची चूक बहुधा त्याच्याच अंगावर येते, मालमोटारीची चूक दुसऱ्याच्या. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले व वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य मोटारचालकावर टाकले आहे. सायकल मागे टाकताना हातभर अंतर पुरेसे नाही, निदान दीड मीटर ठेवावे. समोरून वाहन येत असेल तर क्षणभर सायकलीच्या मागेच राहावे. शेगावची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव–शेगाव रस्ता पायी चालणाऱ्यांनी फुलून जातो आणि अवजड वाहनेही त्या दिवशी त्यांना वाट देतात. म्हणजे वाट देणे या जिल्ह्यातील चालकांना परके नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३८ (१अ) घातले गेले. त्यान्वये पादचारी व यंत्राविना चालणाऱ्या वाहनांच्या वावराबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. नियम होतील तेव्हा होतील. ग्रामपंचायतीस तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कोणत्या फाट्यावर झुडपांमुळे रस्ता दिसत नाही, कोठे साईडपट्टी खचून डांबराची कडा उंच राहिली आहे आणि सायकल खाली उतरताच घसरते, शाळेजवळ गतिरोधक व फलक कोठे हवेत, हे गावातल्या माणसाइतके कोणास ठाऊक नसते. त्याची ठिकाणानिशी यादी ग्रामसभेच्या ठरावासह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्ग यंत्रणेकडे आणि त्याची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठविता येते. यादी तयार करण्याचे काम शाळेतील सायकल चालविणाऱ्या मुलींवरच सोपविल्यास ती अधिक अचूक होईल, कारण त्या रस्त्याने रोज दोनदा त्याच जातात.