रस्ता २४०० किमी, ट्रॅक ६७ किमी : टायर कोणते घ्यायचे?

मेकॅनिकलला आहे म्हटलं की होस्टेलवर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "आमच्या खोलीतला पंखा एवढा का खडखडतो?" आणि दुसरा, "गाडीला टायर कुठले टाकू?" पंख्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते रेक्टरसाहेबांना विचारा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र गेली दोन वर्षं बरंच डोकं लावलं आहे, आणि त्याला कारण आमच्या दादाची गाडी. दादा चाकणला नोकरीला आहे. त्याची सेकंडहँड पोलो आठवड्याचे सहा दिवस पिंपरी ते चाकण अशी धावते आणि वर्षातून एक-दोनदा तीच गाडी घेऊन तो (आणि सबमिशन नसेल तर मीही) ट्रॅक डेला कोइमतूरला जातो. एकच गाडी, टायरचा एकच सेट, आणि काम मात्र दोन्ही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. रेसिंगचा ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतात, आपण पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि स्वतःची गाडी मनासारखी पळवायची. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. त्याची लांबी २.१ किमी आहे. फॉर्म्युला भारतला गेलेल्या आपल्यासारख्या कॉलेजांच्या टीमना तो पाठ असतो. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, ३.७ किमीचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५ किमीहून मोठा, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. महाराष्ट्रातल्या माणसाला यातलं काहीच जवळ नाही, आणि टायरच्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

हिशोब करून बघा. पुणे ते कोइमतूर सुमारे १२०० किमी, म्हणजे जाऊन-येऊन २४००. ट्रॅकवर दिवसभरात चार सत्रं मिळाली आणि प्रत्येकात आठ फेऱ्या मारल्या, तर होतात ६७ किमी. परदेशात हौशी लोक ट्रॅकचे वेगळे टायर ट्रेलरवर टाकून नेतात. आपल्याकडे ज्या टायरवर ट्रॅकवर पळायचं त्याच टायरवर पावसापाण्यातून, रात्रीबेरात्री घरी यायचं. म्हणजे ज्याला आपण 'ट्रॅकची ट्रिप' म्हणतो तिच्यातसुद्धा टायर ९७ टक्के रस्त्यावरच चालतो. रोजचं चाकण तर यात धरलेलंच नाही.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, एम-थ्रीएवढी वाईट नाही. अकरावीत आपण शिकलो की घर्षणबल म्हणजे म्यू गुणिले भार, आणि म्यूचा क्षेत्रफळाशी संबंध नाही. रबर हा नियम पाळत नाही. ते डांबरातल्या खडीच्या उंचसखलपणात दाबलं जातं आणि पुन्हा उसळतं. या दबण्या-उसळण्यात ऊर्जा वाया जाते, म्हणजे हिस्टेरिसिस, आणि पकडीचा मोठा भाग तिथून येतो. उरलेला भाग रबर पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटल्यामुळे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमी वाढते. म्हणून वळणावर गाडी एका बाजूला झुकली की बाहेरचा टायर जेवढं कमावतो त्यापेक्षा आतला जास्त गमावतो. चार टायरांची बेरीज घटते. रुंद टायरचा आणि बुटक्या गाडीचा फायदा होतो तो इथे.

दुसरी गोष्ट तापमान. रबर थंड असताना कडक, तापलं की मऊ, आणि फार तापलं की चिखल! प्रत्येक कंपाउंडचा आपला एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यातच ते मनापासून काम करतं. सेमी-स्लिक म्हणजे ट्रॅकसाठी बनवलेला, कमी खाचांचा मऊ टायर. त्याचा पट्टा बराच वर असतो. पहिल्या फेरीत तो नाखूश असतो, तिसरीत खूश. चाकणच्या सिग्नलवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो बिचारा कधी तापणारच नाही. साध्या टूरिंग टायरचं उलटं. सकाळी सहा वाजता घरातून निघतानाही त्याची पकड ठीक असते, पण ट्रॅकवर पाचव्या फेरीपासून तो घसरायला आणि कडेने सोलवटायला लागतो.

इथे एक गंमत सांगतो, व्हायव्हाला उपयोगी पडेल. टायर कंपन्या प्रयोगशाळेत रबराचा 'टॅन डेल्टा' मोजतात. शून्य अंशाच्या आसपास तो जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते, आणि साठ अंशाच्या आसपास कमी असेल तर रोलिंग रेझिस्टन्स कमी, म्हणजे पेट्रोल वाचतं. पूर्वी एक साधताना दुसरं जायचं. १९९२ मध्ये मिशेलिनने कार्बन ब्लॅकच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले, तेव्हापासून दोन्ही बऱ्यापैकी एकत्र मिळू लागलं. अर्थात तिसरी मागणी, म्हणजे तापल्यावरही टिकणारी कोरड्या रस्त्यावरची पकड आणि वर ४०-५० हजार किमीचं आयुष्य, एकाच टायरकडे करू नये. मेसमधल्या आमटीकडून आपण एवढ्या अपेक्षा ठेवतो का?

आता बाजूवरची अक्षरं. दादाच्या गाडीचा साईज १८५/६० आर१५ ८४एच. रुंदी १८५ मिमी, साईडवॉलची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी, रिम १५ इंची. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. (टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०.) टायरवाला हमखास म्हणतो, "भाऊ, १९५/६० टाका, गाडी भरलेली दिसते." दिसते खरी. पण त्याने बाहेरचा व्यास ६०३ वरून ६१५ मिमी होतो. दोन टक्के वाढला, म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले आणि स्पीडोमीटर पूर्वी १०० दाखवायचा तिथे ९८ दाखवतो. १९५/५५ घेतला तर व्यास ५९५ च्या पुढेमागे, फरक सव्वा टक्का आणि उलट बाजूला. ट्रॅकसाठी हे बरं.

मोठी अलॉय व्हील टाकायचा मोह मात्र टाळा. साईडवॉल जितकी बुटकी तितकी वळणावर गाडी चटकन ऐकते, हे खरंच आहे. पण पहिल्या पावसानंतरचे आपले रस्ते आठवा. खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये साईडवॉल चेपली की आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर ट्रॅकवर तर सोडाच, कँटीनपर्यंतही नेऊ नये.

काही टायरांवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. ही अमेरिकेची पद्धत. प्रमाण टायरला १०० धरून, टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यांवर ११ हजारांहून जास्त किमी गाडी चालवून झीज मोजतात. टूरिंग टायर ३००-५००, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आर २००, टोयोचा आर८८८आर १००. आकडा लहान म्हणजे साधारण रबर मऊ. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. अमेरिकेतल्या बऱ्याच क्लब स्पर्धांत किमान २०० चा नियम आहे, म्हणून मऊसूत टायरवरही बरोबर २०० च छापलेलं दिसतं! तेव्हा दोन कंपन्यांचे २०० सारखे समजू नका. शिवाय जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात 'मुक्त' वर्गातून 'निर्बंधित' वर्गात टाकली. त्यामुळे परदेशी मासिकात वाचलेला टायर आपल्या मापात दुकानात मिळेलच असं धरून चालू नये.

मऊ टायरने मिळतं तरी किती? ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. म्यू ०.८५ असेल तर जास्तीत जास्त वेग ताशी ७३-७४ किमी, म्यू १ असेल तर ८०. (वर्गमूळ असल्यामुळे फरक आखडतो.) ताशी १०० वरून थांबायला पहिल्याला ४६ मीटर, दुसऱ्याला ३९. सात मीटर वाचले. आता पाऊस आणा. समजा रस्त्याच्या टायरचा ओल्यातला म्यू ०.६ आहे, आणि थंड पडलेल्या, कमी खाचांच्या सेमी-स्लिकचा ०.५. थांबायला ६६ आणि ७९ मीटर. कोरड्या ट्रॅकवर सात मीटर मिळवले आणि घाटात तेरा घालवले. ट्रॅकवर सात मीटर चुकले तर गाडी बाजूच्या मातीत जाते आणि मित्र हसतात. घाटात तेरा मीटर चुकले तर पुढे ट्रकची मागची फळी असते.

आणि हे झालं नुसत्या ओल्या रस्त्याचं. साचलेल्या पाण्यावर टायर चक्क तरंगतो. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी एक सूत्र दिलं : हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले १०.३५, म्हणजे तरंगण्याचा वेग मैलांत. ३० पीएसआयला ५७ मैल, म्हणजे ताशी ९१ किमी. गाडीच्या टायरला हे अंदाजाने लावायचं, कारण खाचा खोल असतील तर पाणी निघून जातं. पण अंदाजही पुरे आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी, कायद्याची मर्यादा १.६. गंमत अशी की कोरड्या ट्रॅकवर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा चांगला चालतो, कारण उंच गट्टू डगमगतात आणि तापतात, झिजलेले डगमगत नाहीत. म्हणजे टायर ट्रॅकला उत्तम होत जातो तसतसा पावसाला वाईट होत जातो. जूनच्या आधी खोली मोजा, एवढंच सांगेन.

पैसे कमी म्हणून दोनच चांगले टायर घ्यायचे ठरले, तर ते कुठे लावायचे? पुढच्या चाकांची ओढ असलेल्या गाडीत सगळे म्हणतात "पुढे लाव". चूक! पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि तेव्हा तुम्ही-आम्ही कोणीच सावरत नाही. चांगले टायर मागे. खरं तर चारही सारखेच असावेत.

दादाला शेवटी आम्ही काय घ्यायला लावलं? रिम तेच १५ इंची, चारही सारखे, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नाव असलेले रस्त्याचेच टायर, व्ही रेटिंगचे. सेमी-स्लिक नाही. वेगळ्या रिमवर दुसरा सेट ठेवायचा विचार झाला होता, पण चार चाकं गाडीत घातली की माणसं कुठे बसणार? उरलेल्या पैशात डॉट-४ चं ताजं ब्रेक फ्लुईड आणि पॅड. रस्त्याचा टायर आणखी एका कारणासाठी मला आवडतो. तो सुटायच्या आधी ओरडतो. मऊ टायर बराच वेळ गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो. शिकणाऱ्याला ओरडणारा गुरू बरा.

हवेचं मात्र नीट समजून घ्या. सकाळी २५ अंशाला ३० पीएसआय भरले आणि ट्रॅकवर आतली हवा ७५ अंशांवर गेली, तर दाब ३७.५ होतो. (गेजच्या आकड्यात १४.७ मिळवून केल्व्हिनच्या प्रमाणात गुणा, मग १४.७ वजा करा. थर्मोचा पहिला धडा.) पंपावर नायट्रोजन विकणारा सांगेल की नायट्रोजन फुगत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि वायूचा नियम दोघांनाही सारखाच! फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने, म्हणून कोरडी हवा चांगली, इतकंच. दाब वाढला की टायर मधोमध फुगून कडा उचलतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर थोडी हवा सोडायची. किती, ते ठरवायला पीटीच्या बुटांचं पांढरं पॉलिश घ्या आणि टायरच्या खांद्यावर एक पट्टा ओढा. साईडवॉलवर बारीक त्रिकोणाची खूण असते. पॉलिश तिच्याखालीही पुसलं गेलं असेल तर टायर वळणावर कलंडतोय, हवा कमी आहे. वरच शिल्लक असेल तर हवा जास्त आहे. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावा पुढचा टायर आधी बघा, सगळा मार तोच खातो.

संध्याकाळी मात्र हीच सोडलेली हवा आठवायला हवी. तापलेल्या टायरमध्ये ३४ पीएसआय ठेवले असतील, तर तो थंड झाल्यावर २७ उरतात. वर गाडीत चार माणसं, डिकीत बॅगा आणि समोर १२०० किमी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो, साईडवॉल आतून तापते आणि हायवेवर तो फुटतो. दादाच्या डिकीत म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप असतो. शेवटच्या सत्रानंतर आम्ही तासभर डोसा-कॉफीत घालवतो आणि टायर हाताला गार लागले की पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघून चारही टायर भरतो. स्टेपनीसुद्धा. मग आतल्या बाजूला चिरा, फुगे, खडे बघायचे, नट पान्याने एकदा ताणून घ्यायचे आणि गाडी सेलमच्या रस्त्याला लावायची.