किरीच्या लांकडाचा संदूक

सुताराच्या हिशेबांत चांगलें लांकूड म्हणजे जड, कठीण आणि चिवट लांकूड. लेकीला द्यावयाची पेटी सागवानी किंवा शिसवी असली कीं महाराष्ट्रांतील जुन्या घरांत समाधान वाटे. जपानांत मात्र मुलीच्या लग्नांतील संदूक ज्या लांकडाचा करीत आले, तें या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं. तें नखानें दबतें. त्याचें वजन सागवानाच्या निम्म्याहूनहि कमी. या लांकडाचें नांव किरी, आणि त्याच्या खणांच्या संदूकाला म्हणतात तान्सु. रेशमी किमोनोसारखें मोलाचें वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याचें काम अशा मऊ लांकडावर कां सोपवावें? त्याचें उत्तर कांहीं अंशीं लांकडांत आहे, आणि उरलेलें कारागिराच्या धीरांत.

किरीचा वृक्ष मूळचा चीनमधला. त्याचीं पानें मोठीं, फुलें जांभळट. १८३५ सालीं झीबोल्ट व त्सुकारिनी या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याला रशियाच्या झारची कन्या आना पाव्लोव्हना हिच्या नांवावरून ‘पावलोनिया’ हें शास्त्रीय नांव दिलें. हा वृक्ष फार झपाट्यानें वाढतो. मुलगी जन्मली कीं अंगणांत किरीचें रोप लावावें आणि तिच्या लग्नाच्या वेळीं तें झाड तोडून संदूक करावा, अशी जपानांत जुनी रूढी होती.

झपाट्यानें वाढलेलें लांकूड पोकळ पेशींचें असतें. वाळलेल्या किरीच्या घनफळाचा सुमारें चार पंचमांश भाग निव्वळ हवा असते. ही कोंडलेली हवाच त्याचा मोठा गुण. तिच्यामुळें उष्णता फळीच्या एका बाजूकडून दुसरीकडे फार हळू जाते. शिवाय लांकडांतील पाणी वाहण्याच्या नळ्या आंतून पडद्यांसारख्या पेशींनीं बंद झालेल्या असतात, म्हणून ओलहि सहजासहजीं आंत शिरत नाहीं. दमट दिवसांत फळ्या किंचित फुगून फटी मिटवितात आणि कोरड्या हवेंत पूर्ववत्‌ होतात. ज्या देशांत पावसाळा दमट आणि हिवाळा कोरडा, तेथें रेशमाला याहून चांगला पहारेकरी कोणता?

या पहारेकऱ्याची खरी परीक्षा आगीनें घेतली. एडो, म्हणजे आजचें टोकियो, हें लांकडी घरांचें शहर होतें व तेथें वारंवार आगी लागत. प्रसंगीं ओढून नेतां यावेत म्हणून मोठे संदूक चाकांवर बसवीत. परंतु १६५७ च्या भयंकर आगींत हेच चाकांचे संदूक रस्त्यांत अडकले आणि पळणाऱ्यांची वाट अडली. त्या आगींत हजारों माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १६८३ मध्यें चाकांच्या संदूकांस बंदी झाली. चाकें गेल्यावर संदूक खांद्यावरून नेणेंच प्राप्त झालें, आणि मग लांकडाच्या हलकेपणाला निराळेंच मोल आलें. एकावर एक ठेवलेले दोन-तीन सुटे भाग, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस लोखंडी कड्या. कड्यांतून दांडा घालावा आणि दोघांनीं उचलून निघावें. किरी जळत नाहीं असें नव्हे. परंतु त्याचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि आंतली हवा उष्णतेस बराच वेळ अडवून धरते. वरून पाणी पडलें कीं फळ्या फुगून फटी बंद होतात. बाहेरून काळ्या पडलेल्या संदूकांतून वस्त्रें शाबूत निघाल्याच्या हकीकती जपानांत आजहि सांगतात.

तथापि किरीची फळी कापली आणि खिळे ठोकून पेटी केली, असें होत नाहीं. कापलेल्या फळ्या प्रथम उघड्यावर उभ्या करून ठेवतात आणि त्यांवर एकापासून तीन वर्षेंपर्यंत ऊन-पाऊस पडूं देतात. लांकडांतील तुरट द्रव्य अशा रीतीनें धुऊन गेलें नाहीं, तर संदूक पुढें काळवंडतो. नंतर वांकलेल्या फळ्या विस्तवावर शेकून सरळ करतात, आणि ज्यांच्या रेषा सरळ व जवळजवळ आहेत अशा फळ्या दर्शनी भागासाठीं निवडतात. कोपरे खांचा व दांते एकमेकांत बसवून जोडतात. खिळे वापरतात तेहि लांकडाचेच. लोखंडाचा खिळा गंजतो, आणि तुरट द्रव्याशीं त्याचा संयोग झाला कीं काळा डाग पडतो. यास्तव उत्सुगी नांवाच्या झुडपाच्या कठीण लांकडाचे खिळे करून ते भाजून कोरडे करतात. फळींत बसल्यावर ते ओल शोषून फुगतात व घट्ट धरतात.

सर्वांत अवघड काम खणांचें. प्रत्येक खण रंध्यानें केसाएवढें तासून त्याच्या जागीं बसवावा लागतो. काम उत्तम साधलें म्हणजे एक खण आंत ढकलतांच कोंडलेल्या हवेच्या दाबानें दुसरा खण आपोआप बाहेर येतो. कारागिराच्या हाताची हीच परीक्षा. शेवटीं गवताच्या मुळांच्या जुडीनें पृष्ठभाग घासून रेषा उठावदार करतात, बारीक मातीच्या भुकटींत एका झाडाच्या फळांचा काढा मिसळून त्याचा हात देतात, आणि मेण घासून कड्या-कुलपें बसवितात.

निइगाता प्रांतांतील कामो आणि साइतामा प्रांतांतील कासुकाबे हीं गांवें या कामाविषयीं प्रसिद्ध आहेत. पारंपरिक हस्तव्यवसायांसाठीं जपाननें १९७४ मध्यें कायदा केला. त्याखालीं कामोच्या तान्सुला १९७६ मध्यें व कासुकाबेच्या तान्सुला १९७९ मध्यें मान्यता मिळाली. परंतु मान्यतेनें गिऱ्हाईक वाढतेंच असें नाहीं. किमोनो नेसण्याची चाल कमी झाली आहे, नव्या घरांत भिंतींतच कपाटें असतात, आणि लांकूडहि पुष्कळसें चीनमधून येतें. तीन वर्षें फळ्या पावसांत ठेवून थांबणारा धंदा घाईच्या काळांत टिकणें कठीण झालें आहे.

त्याला आधार आहे तो लांकडाच्या ज्या गुणाला दोष म्हटलें त्या मऊपणाचाच. खांच पडली तर ओल देऊन ती फुगवितां येते. पन्नास-साठ वर्षांनीं काळवंडलेला संदूक कारागिराकडे परत येतो; तो धुऊन, फुटलेल्या जागीं तुकडे बसवून, वरचा पातळ थर रंध्यानें काढला कीं खालीं पुन्हां पांढरें लांकूड दिसूं लागतें. आजीसाठीं केलेला संदूक अशा रीतीनें नव्यासारखा होऊन नातीच्या घरीं जातो, आणि तो उचलावयास अजूनहि दोन माणसें पुरतात.