मळ्यातलं घर, बिबट्या आणि बत्तीस बोअर

नोव्हेंबर २०१७. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठच्या गावांत बिबट्यानं दहशत माजवली होती. माणसांचे बळी गेले होते आणि ऐन कापूस वेचणीत लोक दिवेलागणीच्या आत घरं गाठत होते. त्याच दिवसांत वरखेडे परिसरात तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन बिबट्याच्या मागावर निघाल्याची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. त्या वेळी बिबट्या हाती लागला नाही. पुढे ९ डिसेंबरच्या रात्री हैदराबादचे नेमबाज नवाब शफात अली खान यांनी तो टिपला. वनखात्याचा आदेश हातात होता आणि खांद्याला रायफल होती.

पिस्तूल आणि रायफल यांतला हा फरक खानदेशातल्या मळ्यांवर राहणाऱ्या माणसानं नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, शिरपूर-साक्रीच्या डोंगरपायथ्याला, चाळीसगावच्या घाटाखाली एकेकटी घरं आहेत. तिथले लोक विचारतात, ‘एखादं दणकट रिव्हॉल्व्हर घेऊन ठेवावं का? चोरालाही चालेल, जनावरालाही चालेल.’ प्रश्न खोटा नाही. रात्री अडीच वाजता कुत्रं एकदम भुंकायचं थांबलं की पोटात कसा गोळा येतो, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही. त्यासाठी आधी कायदा बघावा लागतो आणि मग सातपुडा.

परदेशी सिनेमांतून आपल्या डोक्यात बसलेलं मोठ्या बोअरचं हत्यार आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळतच नाही. शस्त्र नियमांनुसार सैन्य-पोलिसांची ९ मिलिमीटर किंवा .४५ ची काडतुसं, तसंच .३८० आणि .४५५ ची जुनी काडतुसं ज्यात बसतात, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाचा आहे आणि तिथंही फार थोड्यांना, फार भक्कम कारण असेल तरच दार उघडतं. परदेशी हत्यार नागरिकानं आयात करण्यावर ऐंशीच्या दशकापासून बंदी आहे. म्हणून जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे लाखांच्या भावानं फिरत राहतात.

मग उरतं ते .३२, म्हणजे बोलीतलं ‘बत्तीस बोअर’. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली रिव्हॉल्व्हरं याच मापाची. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ हलकं, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ त्याहून लांब पल्ल्याचं. पिस्तूल हवं असेल तर ‘अशनी’, तेही .३२. उत्तर प्रदेशात हरदोईजवळ आता वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचं .३२ रिव्हॉल्व्हरही बनतं. वरणगावचा कारखाना आपल्याच जळगाव जिल्ह्यातला आणि पिढ्यान्‌पिढ्या काडतुसं करणारा. पण त्याची ओळख सैन्याच्या रायफलींच्या काडतुसांची, घरगुती रिव्हॉल्व्हरची नव्हे.

आता या बत्तीस बोअरचा जोर किती? रिव्हॉल्व्हरच्या .३२ च्या गोळीची नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल. पोलिसांच्या ९ मिलिमीटरची पाचशेच्या घरात. अमेरिकेत अस्वलांच्या जंगलात फिरणारे लोक कमरेला लावतात त्या .४४ मॅग्नमची हजार ते दीड हजार. आणि आपल्या गावात पूर्वापार असलेली बारा बोअरची बंदूक योग्य काडतुसानं दोन हजारांच्या पुढे जाते. म्हणजे जनावराच्या अंगावर .३२ चालवण्याचा विचार करणारा माणूस या रांगेतलं सगळ्यात दुबळं हत्यार हातात धरून उभा असतो.

बिबट्याचा मुद्दा जरा सावकाश बघू. नर बिबट्या पन्नास ते सत्तर किलोचा. तो पुढून चालून येत नाही. उसातून, केळीच्या ओळीतून, बांधाच्या आडोशानं मागून येतो, आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर येतो. मूल असेल तर आधी मुलावर. माणसाला कळतं तेव्हा अंतर दोन-तीन हातांचं असतं आणि रिव्हॉल्व्हर कमरेच्या कातडी पाकिटात असतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, पायाखाली चिखल. हत्यार निघालं तरी पहिली गोळी कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि जखमी बिबट्या धड बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. त्या रात्री तुम्ही वाचलात तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातली बाई वाचेलच असं नाही.

कायदा इथं माणसाच्या विरोधात नाही, हेही सांगितलं पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ नुसार जिवावर बेतलं असताना सद्‌भावनेनं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत नसला पाहिजे. आणि इथंच अनेक जण अडकतात. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कुठलंही हत्यार घेऊन जाता येत नाही. म्हणजे यावल अभयारण्यात पालच्या किंवा लंगडा आंब्याच्या बाजूला ‘जंगलात असावं सोबत’ म्हणून रिव्हॉल्व्हर नेणं हाच गुन्हा. कलम ३४ तर आणखी पुढं जातं: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवानाच देता येत नाही. यावल, शिरपूरकडचं अनेर धरण, चाळीसगावच्या डोक्यावरचं गौताळा औट्रमघाट यांच्याभोवती दहा किलोमीटरचं कडं नकाशावर काढून बघा. ज्यांना जनावराची सर्वांत जास्त भीती, त्यांतली बरीच गावं त्या कड्यात येतात.

चोर-दरोडेखोरांची गोष्ट वेगळी आहे. तिथं बत्तीस बोअर निरुपयोगी नाही. जळगावच्या सराफ बाजारात रोकड आणि सोनं घेऊन ये-जा करणाऱ्याला, खंडणीच्या धमक्या आलेल्या व्यापाऱ्याला, गावापासून दोन किलोमीटरवर एकटं घर असलेल्या कुटुंबाला परवाना मागण्याचं खरं कारण असू शकतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मग पोलिसांचा अहवाल येतो. वय २१ पूर्ण हवं. हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र २०१६ च्या नियमांनी सांगितलेलं आहे, आणि घरात ते कुठं, कसं कुलूपबंद ठेवणार हेही सांगावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. नेमकी गरज असेल त्या महिन्यात ते तुमच्याजवळ नसेल, हे धरूनच चाला.

शस्त्र कायद्याच्या कलम १३ मधली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी मागितली, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, आणि नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र ‘पुरेसं कारण’ अधिकाऱ्याला पटवावं लागतं. मळ्यातल्या घरासाठी मला स्वतःला बारा बोअरची एकनळीच जास्त योग्य वाटते. ती खिशात मावत नाही, हा तिचा गुणच आहे. रागाच्या भरात, दारूच्या नशेत, बांधाच्या भांडणात ती पटकन बाहेर येत नाही. आणि रात्री खोलीच्या दारात उभं राहून खांद्याला लावलेली बंदूक जितकी स्थिर राहते, तितकं घाबरलेल्या हातातलं रिव्हॉल्व्हर राहत नाही. फक्त गोळी भिंतीपलीकडे जाते हे विसरू नका. पत्र्याच्या खोलीपलीकडे कोण झोपलंय हे आधी माहीत हवं.

खिशात मावणारं हत्यारच घ्यायचं ठरलं, तर पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात सहा खणांचं चक्र असतं. कळ दाबून हत्यार उघडलं की सहाही काडतुसांच्या पितळी बुडाकडे बघून कळतं, भरलेलं आहे की रिकामं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक काडतूस नळीत राहू शकतं, आणि घराघरांत ‘रिकामं होतं’ म्हणून झालेले अपघात असेच होतात. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो, नळी खाली झुकते आणि गोळी जमिनीत जाते. नवख्याचा हात इथंच फसतो. त्यामुळे वजनानं हलकं आहे म्हणून भुलू नका. तळहातात मूठ पूर्ण बसते का, बोटाचं पहिलं पेर चापावर नीट येतं का, एवढं दुकानात रिकाम्या हत्यारावर बघा. घरातल्या दुसऱ्या कुणाला ते वापरायची वेळ येईल अशा समजुतीत राहू नका. परवाना ज्याच्या नावावर त्यानंच ते वापरायचं. काडतुसं वेगळ्या कुलपात, हत्यार वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी. अशानं ऐन वेळी उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. तो उशीर मी पत्करीन.

आणि गोळी झाडण्याचा हक्क? जुन्या दंडसंहितेतला स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. जिवाची, गंभीर इजेची वाजवी भीती असेल किंवा रात्रीची घरफोडी, दरोडा असेल, तर तो हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर भिंत चढून पळत असताना पाठीत गोळी घातली, तर तो बचाव उरत नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यात घरमालक उभा राहतो.

या सगळ्या कटकटीला कंटाळून जो रस्ता दिसतो, तो चोपड्याहून सातपुड्यात चढतो. अनेर नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचं गाव आहे. गावठी पिस्तुलांसाठी हे नाव पोलिसांच्या कागदोपत्री सारखं येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपड्याच्या पोलिसांवर तिथं हल्ला झाला आणि एका शिपायाला पळवून नेण्यात आलं. त्याला नंतर सोडवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या पोलिसांनी तिथं मोठा छापा घालून पिस्तुलं घडवायच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. त्या भट्टीत तयार झालेल्या नळीच्या धातूची परीक्षा कुणी केलेली नसते. आत वाढलेला दाब नळीला पेलवला नाही, तर फुटलेल्या तुकड्यांसमोर पहिला हात झाडणाऱ्याचा असतो. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ नंतर कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हत्यार प्रतिबंधित बोअरचं निघालं तर सात ते चौदा वर्षं. गावात कट्टा ‘संरक्षणासाठी’ घेतलेला पोरगा पुढं त्याच कट्ट्यानं भावकीचा वाद मिटवायला जातो, आणि दोन्ही घरांची शेती वकिलाच्या फीत जाते. स्वस्तात मिळतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

मग बिबट्यासाठी करायचं काय? अकोले तालुक्यातल्या उसात राहणाऱ्या बिबट्यांचा वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथं माणसांच्या दाट वस्तीत बिबटे राहत होते आणि माणसांवर हल्ले जवळपास होत नव्हते. उलट जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावल्यावर हल्ले वाढल्याचं दिसलं. अनुभवातून आलेले उपाय साधे आहेत. जनावरांचा गोठा वरून-खालून बंद. शेळ्या, कुत्री उघड्यावर बांधायची नाहीत. घराभोवतीचं गवत कापलेलं. पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडायचं नाही. परसाकडे एकट्यानं जायचं नाही. रात्री वावरात जायची वेळ आली तर दोघांनी, मोठ्यानं बोलत, मोबाइलवर गाणी लावून, लांब काठी आणि चांगली बॅटरी घेऊन.

आणि रात्री वावरात जावंच का लागतं? कारण शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीची मिळते. केळीला पाणी द्यायचं तर रात्री बारानंतर मोटार चालू करायला माणूस उठतो, पाटात वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. दिवसा वीज द्या ही खानदेशातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तेच कबूल केलेलं आहे. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जितक्या चकरा मारायची आपली तयारी असते, तितक्याच चकरा गावाच्या फीडरला दिवसाची वीज कधी मिळणार हे विचारायला वीज कंपनीच्या कार्यालयात मारा, ग्रामसभेचा ठराव हातात घेऊन. वनरक्षकाचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. आणि एवढं केल्यावरही चोरांच्या भीतीनं परवाना हवाच असेल, तर अर्ज भरण्याआधी प्रशिक्षणाला जा. पहिल्या पन्नास गोळ्या कागदावर कुठं लागल्या ते बघा, आणि मग घरी बसून ठरवा.