उस्मानाबादचं धाराशिव झालं, मग गाडीवरचं एमएच-25 का नाही बदललं?

15 सप्टेंबर 2023 ला राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. पाटी बदलायला रंगाचा डबा पुरतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र खरं काम त्यानंतर सुरू होतं.

अडचण नेमकी काय?

समजा, एका विद्यार्थ्याच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे आणि ऑनलाइन फॉर्मच्या यादीत फक्त धाराशिव. सिस्टीम नुसती अक्षरं जुळवून बघत असेल, तर तिच्या लेखी हे दोन वेगळे जिल्हे. अर्ज अडकतो आणि हेलपाटे विद्यार्थ्याला पडतात.

यावर उपाय काय?

ओळख नावावर नाही, तर न बदलणाऱ्या कोडवर ठेवायची. एमएच-25 मध्ये जिल्ह्याच्या नावाचं एकही अक्षर नाही, म्हणून नामांतरानंतरही तो तोच राहिला. रेल्वेचं उलटं झालं. स्टेशनचा कोड नावातल्या अक्षरांचा होता. 2025 मध्ये स्टेशनचं नाव धाराशिव झालं, तेव्हा यूएमडी जाऊन डीआरएसव्ही आला.

लिनक्समध्येही हीच युक्ती आहे. प्रत्येक फाइलला आयनोड नावाचा एक नंबर असतो. फाइलचं नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, आतला मजकूर जागचा हलत नाही.

पण फाइल सिस्टीमच्या कोडमधलीच नावं बदलायची असतील तर? 2006 मध्ये ईएक्सटी3 ची कॉपी घेऊन ईएक्सटी4 चं काम सुरू झालं, तेव्हा आतल्या डेटा स्ट्रक्चर्सच्या नावातही 3 च्या जागी 4 करावा लागला. अशा कामात एखादं जुनं नाव चुकून राहिलं, तर सहसा कम्पायलरच एरर देऊन अडवतो.

मग जिल्ह्याचं काय?

इथे असा कम्पायलर नाही. प्रत्येक खात्याचा डेटा वेगळा आणि नियमही वेगळे. 2024 ची लोकसभा निवडणूक ‘उस्मानाबाद’ याच मतदारसंघाच्या नावाने झाली, कारण मतदारसंघाचं नाव परिसीमनाच्या आदेशातून येतं, जिल्ह्याच्या नावातून नाही.

थोडक्यात काय, तर नव्या सिस्टीममध्ये जुनं नाव पुसून चालत नाही. दोन्ही नावं एकाच कोडला जोडावी लागतात. तरच जुना दाखला आणि नवा फॉर्म एकमेकांना ओळखतात.